रक्ताचं पाणी

मावशीच्या डोळ्यांतून सारखं पाणी यायचं. पोळ्या लाटताना, पोथी वाचताना, दारात उभं राहून कुणाशी बोलताना पदराचं टोक तिच्या हातात असायचंच. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्यात पिवळ्या रंगाचा एक थेंब टाकला, निळ्या उजेडात यंत्रातून पाहिलं, मनातल्या मनात चारपाच आकडे मोजले आणि म्हणाले, "आजी, तुमचे डोळे कोरडे पडलेत." मावशीनं ओला पदर त्यांच्यासमोर धरला. "मग हे काय?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता ही पुस्तिका झाली.

डॉक्टरांनी त्या दिवशी समजावून सांगितलं होतं, पण ते पटायला बराच काळ जावा लागला. डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रूंचा एक पातळ थर कायम पसरलेला असतो. तो नीट टिकला नाही, की खालची त्वचा उघडी पडते, तिथल्या नसा बोंब मारतात आणि अश्रुग्रंथी घाईघाईनं लोट सोडते. तापलेल्या जमिनीवर वळवाचा पाऊस पडावा तसं हे पाणी: धो धो येतं, गालावरून वाहून जातं, मुरत नाही. डॉक्टर आकडे मोजत होते ते एवढ्यासाठीच. पापणी लवल्यानंतर अश्रूंचा थर किती सेकंद अखंड राहतो, हे पाहायचं असतं. १० सेकंदांच्या आत तो फुटला, तर काहीतरी बिघडलंय असं समजतात. मावशीचा थर ४ सेकंदांत फुटला होता.

पुढच्या काही वर्षांत तो वळीवही आटला. तिला संधिवात होताच, आता तोंडही कोरडं पडू लागलं. भाकरीचा घास पाण्याच्या घोटाबरोबर उतरवावा लागे. माझी आई, म्हणजे तिची पाठची बहीण, गेली तेव्हा मावशी हमसून हमसून रडली, पण डोळे कोरडेठाक. "टिपूसही गाळला नाही हो बाईनं," असं स्वयंपाकघरात कुणीतरी म्हणालं. ज्या आजारामुळे तो टिपूस येत नव्हता, त्याचं नाव तेव्हा घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग एके दिवशी आमच्या फ्रिजच्या दारात, लिंबांच्या शेजारी, एक लहानशी बाटली आली. तिच्यावर ना कंपनीचं नाव, ना किंमत. चिठ्ठीवर मावशीचं नाव, तारीख आणि 'थंड जागी ठेवा' एवढंच. बाटलीत फिकट पिवळसर द्रव होता आणि तो तिच्याच रक्तातून काढलेला होता. आपल्या भाषेत रक्ताचं पाणी करणं म्हणजे जिवापाड राबणं. इथे ते अक्षरशः झालं होतं. त्या पाण्याची ही गोष्ट आहे. ती सांगताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागणार आहे: अश्रू हे पाणी नाही. ज्यांनी ज्यांनी त्याला पाणी समजून उपचार केले, ते एका टप्प्यावर अडले. रक्ताकडे वळावं लागलं ते त्यामुळेच.

*

आधी अश्रू पाहू. डोळ्यावरचा हा थर सुमारे ३ मायक्रोमीटर जाडीचा असतो, म्हणजे केसाच्या जाडीचा विसावा भाग म्हटलं तरी चालेल. एवढ्याशा जागेतही त्याची रचना आहे. तळाशी चिकट श्लेष्मा, त्यामुळे ओलावा डोळ्याला धरून राहतो. मधे पाणी, त्यात विरघळलेले क्षार आणि प्रथिनं. आणि सगळ्यात वर तेलाची तलम साय, पाणी उडून जाऊ नये म्हणून. हे तेल पापण्यांच्या कडांवरच्या बारीक ग्रंथींतून येतं. जर्मन वैद्य हाइनरिश माइबोम यांनी १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या त्यांच्या नावानं ओळखल्या जातात. डोळ्यांत तेल घालून पहारा करण्याची भाषा आपण करतो. निसर्ग ते काम रोज, प्रत्येक पापणीसरशी करतो आणि ते थांबलं, तर डोळ्यात पाणी असूनही डोळा कोरडा पडतो.

मधल्या पाण्यातही नुसतं पाणी नाही, हे १९२२ मध्ये जगाला कळलं. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग हे जंतूंना विरघळवणाऱ्या एका प्रथिनाच्या मागे लागले होते. पेनिसिलिन अजून काही वर्षं दूर होतं. हे प्रथिन अश्रूंत भरपूर सापडतं असं दिसल्यावर त्यांनी सहकाऱ्यांच्या आणि पाहुण्यांच्या डोळ्यांशी लिंबाची साल पिळून अश्रू गोळा केले. त्या प्रथिनाला त्यांनी लायसोझाइम असं नाव दिलं. डोळा उघड्यावर असूनही रोज का सडत नाही, याचं एक उत्तर त्यात होतं.

दुसरं उत्तर आणखी वेगळ्या वाटेनं आलं. अमेरिकेत स्टॅन्ली कोहेन हे उंदरांच्या लाळग्रंथींच्या अर्कावर काम करत होते. तो अर्क टोचल्यावर नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांचे डोळे नेहमीपेक्षा लवकर उघडतात, असं त्यांच्या ध्यानात आलं. एखाद्यानं हे टिपून ठेवून सोडून दिलं असतं. कोहेन त्याच्या मागे लागले आणि त्यांना त्वचेच्या पेशी वाढवणारा घटक सापडला. रिटा लेव्ही मोंताल्चिनी यांनी त्याआधी नसांची वाढ करणारा घटक शोधलेला होता. दोघांना १९८६ चं नोबेल पारितोषिक मिळालं. हे दोन्ही घटक अश्रूंत असतात. डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या पेशी झडतात, त्यांच्या जागी नव्या येतात, ओरखडा उठला तर तो भरून निघतो, नसा शाबूत राहतात. या सगळ्याला लागणारा शिधा अश्रूंतून येतो. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कृत्रिम अश्रूंत ओलावा असतो, घसरडेपणा असतो, काहींत तेलही असतं. शिधा मात्र नसतो.

*

डोळे कोरडे पडण्याचा आजार जुनाच आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शुष्काक्षिपाक नावाचा विकार सांगितला आहे. त्यात पापण्या कडक आणि खरखरीत होतात, डोळे उघडणं अवघड जातं. आजच्या आजाराशी तो तंतोतंत जुळतो असा दावा करायचं कारण नाही. डोळ्यात वाळू गेल्यासारखं वाटणारी माणसं तेव्हाही होती, एवढं त्यातून कळतं.

त्याला मोजमाप मिळालं विसाव्या शतकात. १९०३ मध्ये जर्मनीच्या ओटो शिर्मर यांनी टीपकागदासारखी एक अरुंद पट्टी खालच्या पापणीत अडकवून पाहिली. ५ मिनिटांत तिच्यावर ओल किती मिलिमीटर चढते ते मोजायचं. १० च्या वर गेली तर ठीक, ५ च्या आत राहिली तर गंभीर. सव्वाशे वर्षं होत आली, पण दवाखान्यात आजही हीच पट्टी वापरतात. मावशीच्या पट्टीवर शेवटी शेवटी ओल २ मिलिमीटरच्या वर जात नसे.

आजाराला चेहरा दिला स्वीडनच्या हेन्रिक शोग्रेन यांनी. १९३३ मध्ये त्यांनी स्टॉकहोममध्ये प्रबंध सादर केला. त्यात डोळे कोरडे पडलेल्या १९ स्त्रियांची हकीकत होती आणि त्यांतल्या १३ जणींना संधिवातही होता. डोळा, तोंड आणि सांधे या तिन्ही ठिकाणी एकच आजार काम करतोय, हे त्यांनी पाहिलं. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा आपल्याच अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथींवर उलटते, हे पुढे स्पष्ट झालं. प्रबंधाला परीक्षकांनी फारसे गुण दिले नाहीत, त्यामुळे विद्यापीठात अध्यापक होण्याची वाट बंद झाली. शोग्रेन योंशोपिंग नावाच्या गावी डोळ्यांचे डॉक्टर म्हणून काम करत राहिले. पुढे एका ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी प्रबंधाचं इंग्रजी भाषांतर केलं आणि आजार शोग्रेन यांच्या नावानं जगभर गेला. मावशीचा आजार हाच. भाकरीचा घास, दुखणारी बोटं आणि न आलेला टिपूस या तीन वेगळ्या तक्रारी नव्हत्याच.

सगळ्यांचा कोरडेपणा इतका जहाल नसतो. वय, रजोनिवृत्ती, मधुमेह, सर्दीच्या, ॲलर्जीच्या गोळ्या, चष्मा घालवण्याची शस्त्रक्रिया, वातानुकूलित खोल्या, अशी कारणांची मोठी रांग आहे. मोबाइलकडे टक लावून पाहताना आपण पापण्या लवायच्या विसरतो, तेही त्यात आलं. बहुतेकांचं काम साध्या थेंबांवर, गरम शेकावर आणि सवयी बदलण्यावर भागतं. रक्ताच्या थेंबांची गोष्ट त्यापुढच्या माणसांसाठी आहे.

*

या गोष्टीच्या मध्यभागी एक विरोधाभास आहे. डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग म्हणजे पारपटल, ज्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात आणि घरात आपण बुबुळ म्हणून मोकळे होतो. मध्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा हा पडदा पारदर्शक आहे, कारण त्यात रक्तवाहिन्या नाहीत. रक्त आत शिरलं, की काचेवर डाग पडलाच म्हणून समजा. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक जागेला रक्त जेवू घालतं. पारपटल मात्र पुढून अश्रूंवर आणि मागून डोळ्यातल्या द्रवावर जगतं, प्राणवायू हवेतून घेतं. म्हणजे अश्रू हे पारपटलाचं रक्तच म्हणायचं. ते आटलं, की ज्या रक्ताला निसर्गानं दारातच अडवलं, त्यालाच लाल रंग उतरवून आत बोलवायची वेळ येते.

हे धाडस पहिल्यांदा नोंदलं गेलं ते कोरड्या डोळ्यांसाठी नव्हतंच. १९७५ मध्ये अमेरिकेत राल्फ, डोन आणि डोल्मन यांनी रसायनांनी भाजलेल्या डोळ्यांवर सतत द्रव सोडणारा एक छोटा पंप वापरला आणि त्यातून रक्तातला द्रवही दिला. १९८४ मध्ये रॉबर्ट फॉक्स आणि सहकाऱ्यांनी कोरड्या डोळ्यांच्या रुग्णांना त्यांच्याच रक्तापासून केलेले थेंब घालून फायदा झाल्याचं लिहिलं. त्यानंतर पंधराएक वर्षं हा विचार कोपऱ्यात पडून राहिला. १९९९ मध्ये जपानच्या काझुओ त्सुबोता यांनी शोग्रेनच्या रुग्णांवर आणि बरी न होणाऱ्या पारपटलाच्या जखमांवर हे थेंब वापरले. ही पद्धत जगभर पसरली ती तेव्हापासून.

रक्तच का? कारण अश्रूंत जो शिधा लागतो, त्यातला बराचसा रक्तात तयार असतो. पेशी वाढवणारा घटक आहे, नसांचा घटक आहे, जखम भरताना पेशींना धरून ठेवणारं फायब्रोनेक्टिन आहे, जीवनसत्त्व अ आहे, जंतूंशी लढणारी प्रथिनं आहेत. अश्रुग्रंथीला पर्याय कुणी बनवू शकलं नाही. तिच्या दुकानातला माल मात्र शेजारच्या मोठ्या कोठारात मिळाला. अर्थात कोठारात काही गोष्टी जास्तच आहेत. वाढीचा आणखी एक घटक, टीजीएफ-बीटा, रक्ताच्या द्रवात अश्रूंपेक्षा सुमारे पाचपट असतो आणि तो जास्त झाला तर जखम भरणं मंदावू शकतं. म्हणून त्सुबोता यांनी द्रव पाचपट पातळ करून २० टक्क्यांचे थेंब वापरले. आज काही ठिकाणी ५० टक्के, तर काही ठिकाणी न पातळ केलेले थेंबही देतात. एकच प्रमाण सर्वांना मान्य झालेलं नाही.

*

त्या द्रवाला सीरम म्हणतात. हा शब्द मराठी माणसाला पुण्यामुळे परिचयाचा आहे. पूनावाला कुटुंबाच्या घोड्यांच्या पैदास केंद्रातले निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. तिथे त्यांच्या रक्तातून धनुर्वातावरचं सीरम काढलं जाई. हे काम आपणच का करू नये, या विचारातून १९६६ मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. लस म्हटलं की आज ते नाव आठवतं, पण नावात अजून सीरमच आहे. घोड्याचं सीरम माणसाला देण्यात दुसऱ्याच्या शरीरानं तयार केलेलं शस्त्र आपण उसनं घेतो. डोळ्याच्या थेंबांत उसनवारी होते ती स्वतःकडूनच.

कृती ऐकायला साधी वाटते. रुग्णाच्या हातातून ५० ते १०० मिलिलिटरच्या आसपास रक्त काढतात. एचआयव्ही, कावीळ ब आणि क यांच्या तपासण्या आधी होतात. रक्त गोठू न देणारं रसायन घातलेल्या नळीत हे रक्त घेत नाहीत, कारण इथे ते गोठलेलंच हवं. दोन तास ते तसंच ठेवतात. गोठताना प्लेटलेट्स फुटतात आणि त्यांच्या पोटातले वाढीचे घटक द्रवात उतरतात. घाई केली तर ते कमी उतरतात. विरजण लागण्याआधी भांडं हलवू नये, तसाच हा प्रकार. मग नळ्या यंत्रात गरागरा फिरवतात. लाल गोळा तळाशी बसतो, वर पिवळसर सीरम उरतं. ते निर्जंतुक खारट पाण्यात पातळ करतात, जंतू अडकतील अशा सूक्ष्म चाळणीतून गाळतात आणि छोट्या बाटल्यांत भरतात. जीवनसत्त्व अ उजेडात खराब होतं, म्हणून बाटल्या उजेडापासून जपतात.

बाटली घरी आल्यावर खरी परीक्षा सुरू होते. दुकानातल्या बऱ्याच थेंबांत जंतू वाढू नयेत म्हणून रसायन घातलेलं असतं. दिवसातून आठ वेळा घातलं, तर तेच रसायन आधीच सोललेल्या डोळ्याला आणखी सोलतं. सीरमच्या थेंबांत ते नसतं, हा त्यांचा मोठा गुण, आणि जंतूंना ते पौष्टिक खाद्य वाटतं, हा मोठा धोका. म्हणून न उघडलेल्या बाटल्या गोठवून ठेवायच्या, साधारण ३ महिन्यांपर्यंत. वापरात एकच बाटली ठेवायची, तीही फ्रिजमध्ये, आणि केंद्रानं सांगितलेल्या दिवशी उरलेली टाकून द्यायची. बाटलीचं तोंड पापणीला लागू द्यायचं नाही. आमच्याकडे भारनियमनाच्या दिवसांत फ्रीझरमधल्या बाटल्यांभोवती बर्फाच्या पिशव्या रचल्या जात. एकदा वीज पूर्ण दिवस गेली, तेव्हा सगळा साठा फेकून मावशीला पुन्हा रक्त द्यावं लागलं. "रक्त आटवायचं म्हणतात ते हेच," एवढंच ती म्हणाली. या पुस्तिकेत साठवणुकीवरचं प्रकरण सर्वांत मोठं झालं आहे, त्याचं कारण तो दिवस.

*

या थेंबांचा उपयोग शोग्रेनपुरता थांबत नाही. औषधाची भयंकर प्रतिक्रिया होऊन अंगाची आणि डोळ्यांची त्वचा सोलवटणारा स्टीव्हन्स-जॉन्सनचा आजार आहे. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशी रुग्णाच्या अश्रुग्रंथींवर उलटतात, तो प्रकार आहे. नसा मेल्यामुळे जखमच न कळणारे डोळे आहेत. आणि आपल्याकडचं एक खास कारण आहे, चुना. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी लहान मूल हातात घेऊन दाबतं, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात जातो. चुना भाजतो आणि भाजतच राहतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेसारख्या ठिकाणी अशा डोळ्यांवर वर्षानुवर्षं काम चालू आहे. असं काही झालं तर कुणाचीही वाट न पाहता डोळा भरपूर स्वच्छ पाण्यानं धूत राहायचं आणि मग दवाखान्यात न्यायचं, हे प्रस्तावनेतच सांगून ठेवतो. पुस्तिका पुढे वाचली नाही, तरी एवढं लक्षात राहू द्या.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत याच वाटेवर आणखी एक प्रयोग झाला. बाळंतपणानंतर नाळेत उरलेलं रक्त बहुधा टाकूनच दिलं जातं. त्यातलं सीरम बऱ्या न होणाऱ्या जखमांवर वापरल्याचं काम तिथल्या डॉक्टरांनी २००३ मध्ये आणि रसायनांनी भाजलेल्या डोळ्यांवरचं २०११ मध्ये प्रसिद्ध केलं. लहान मुलाचं किंवा रक्त कमी असलेल्या बाईचं रक्त काढणं अवघड असतं, तिथे हा मार्ग मोलाचा आहे. दुसऱ्याच्या रक्ताचे थेंबही देता येतात. इंग्लंडची सरकारी रक्तसेवा रुग्णाच्या स्वतःच्या आणि दात्याच्या, अशा दोन्ही रक्तांचे थेंब पुरवते. ज्याचं रक्तच आजारानं बिघडलेलं आहे, त्याला स्वतःचं रक्त डोळ्यात घालणं कितपत हितकारक, हा प्रश्न त्यामागे आहे. शोग्रेनमध्ये तर तो टोकदार होतो. रक्तात शिधा आहे, तशी दाह वाढवणारी द्रव्यंही आहेत.

२०१७ मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी आणखी सोपा उपाय मांडला. बोटाला सुई टोचायची आणि रक्ताचा थेंब तसाच खालच्या पापणीत सोडायचा. ना यंत्र, ना फ्रिज. खेड्यापाड्यांतल्या आपल्या वाचकाला हे वाचून मोह होईल, म्हणून स्पष्ट लिहितो: हा प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाला, घरच्या घरी करायचा उपाय तो नाही. आईचं दूध, गुलाबपाणी, तूप, काजळ, डोळ्यात काय काय घालायचं याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. तिच्यात रक्ताची भर पडू नये.

*

आता ज्या प्रश्नासाठी बहुतेक वाचक हे पुस्तक उघडतील, तो घेतो. गुण येतो का?

मावशीला आला. पण एका मावशीवरून शास्त्र ठरत नाही. उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं २०१७ मध्ये उपलब्ध चाचण्या चाळल्या, तेव्हा कसोटीला उतरणाऱ्या अवघ्या ५ सापडल्या, आणि त्यांत मिळून ९२ रुग्ण. कृत्रिम अश्रूंच्या तुलनेत सीरमनं पहिल्या दोनेक आठवड्यांत थोडा आराम मिळत असावा, त्यापुढचं खात्रीनं सांगता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. इतक्या वर्षांच्या वापरानंतर एवढंच? हा प्रश्न मलाही पडला.

कारणं औषधातच दडलेली आहेत. प्रत्येक बाटली वेगळ्या माणसाची, म्हणजे प्रत्येक रुग्णाचं औषध वेगळं. प्रमाण, गाळणी, साठवण दर ठिकाणी निराळी. सर्वांत जास्त त्रास असलेले आणि बाकी सगळं करून थकलेले रुग्णच इथवर येतात, त्यांना मुद्दाम साधे थेंब देऊन तुलना करायला मन धजत नाही. आणि ज्या औषधाचा कारखाना रुग्णाच्या दंडात आहे, त्याच्या मोठ्या चाचणीवर पैसा कोणती कंपनी घालील? पुरावा तोकडा आहे, त्याचा अर्थ उपाय खोटा आहे असा होत नाही, आणि डॉक्टरांचा अनुभव चांगला आहे म्हणून तो सिद्ध झाला असंही नाही. या दोन वाक्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ही पुस्तिका उभी आहे. कोरड्या डोळ्यांच्या उपचारांच्या पायऱ्यांत सीरमचं स्थानही तसंच आहे. आधी कृत्रिम अश्रू, पापण्यांची निगा. मग दाह कमी करणारी सायक्लोस्पोरिनसारखी औषधं, अश्रू वाहून नेणाऱ्या छिद्रांना बूच. या पायऱ्या चढून झाल्यावर सीरम. थेट तिसऱ्या मजल्यावर उडी मारायची नसते.

पुस्तिकेत पुढे आजाराची ओळख, तपासण्या, थेंब बनवणं, साठवणं, खर्चाचा आणि खेपांचा हिशेब, आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न या क्रमानं प्रकरणं आहेत. मी डॉक्टर नाही. मजकूर नेत्रतज्ज्ञांनी आणि रक्तपेढीत काम करणाऱ्यांनी वाचून दुरुस्त केला, त्यांचे आभार. उरलेल्या चुका माझ्या. ज्या रुग्णांनी आपले अनुभव सांगितले, त्यांची नावं त्यांच्या इच्छेनुसार घातलेली नाहीत.

मावशीच्या डोळ्यातली वाळू दोन महिन्यांत कमी झाली. पोथी पुन्हा उघडली, उन्हात दार लावून बसणं थांबलं. टिपूस मात्र परत आला नाही. सीरम जखम भरतं, अश्रुग्रंथी जिवंत करत नाही, हे तिनं माझ्याआधी स्वीकारलं. डोळ्यावर कसाबसा ७ मायक्रोलिटर अश्रू राहतो आणि बाटलीतला थेंब त्याच्या कितीतरी पट मोठा असतो, म्हणून प्रत्येक वेळी थोडं औषध बाहेर सांडतंच. तिन्हीसांजेला ती उंबऱ्यापाशी बसते, मान मागे टाकते, थेंब घालते. जास्तीचं पाणी गालावरून ओघळतं आणि ती ते पदराच्या टोकानं टिपते. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, बाई रडतेय.